एकदाच दिसणारे

मिहीरच्या आईने कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढून पलंगावर उपडा केला, तेव्हा त्यातून जुन्या पासांची प्लास्टिकची पाकिटं पडली, एक तुटका भोवरा पडला, चार डांबरगोळ्या घरंगळल्या आणि शेवटी ती व्हिडिओ गेमची डबी पडली. राखाडी रंगाची, हाताच्या पंज्यात मावणारी. मागचं सेलचं झाकण हरवलेलं आणि त्या जागी डॉक्टरकडची पांढरी चिकटपट्टी.

मिहीर पुढच्या शिक्षणासाठी बंगलोरला चाललाय. मी त्याच्या नौपाड्यातल्या घरी माझं एक पुस्तक परत न्यायला गेलेलो. काकू म्हणाल्या, "हे तुम्ही पोरं खेळायचात ना? घेऊन जा बाबा तू. तो काही हे तिकडे नेणार नाही."

मी नको म्हणालो. मग घेतली.

तलावपाळीच्या कठड्यावर बसून मी ती नाकाशी धरली. कुणी पाहत नाही ना, हे आधी बघून घेतलं. डांबरगोळीच्या वासाखाली अजून तो जुना वास होता. लोखंडाचा कीस, मशीनचं तेल, आणि घामट बोटांनी पुन्हापुन्हा दाबलेल्या रबराचा वास. शेजारच्या दुकानातून सेल आणून घातले, तर ती चालू झाली. पण खेळ अगदी पहिल्यापासून सुरू झाला. आत आम्ही जपून ठेवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. दुकानदार म्हणाला, आत एक छोटा सेल असतो, तो संपला की आठवणही जाते.

मला हे नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी काही लिहिणारा नाही. पण त्या कठड्यावर बसल्याबसल्या मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. इतक्या जुन्या गोष्टीची लाज इतकी ताजी कशी राहते, ते मला कळलं नाही. म्हणून लिहून बघतोय.

ती डबी मिहीरच्या मामाने आणलेली. मामा बोटीवर होता. जपानच्या कुठल्या तरी बंदरात त्याने भाच्यासाठी ती घेतली, आणि आतला खेळही तिथलाच, तिथल्याच लिपीतला. आम्ही तेव्हा ठाण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. आम्ही म्हणजे मिहीर, मी आणि जतीन. जतीनच्या पप्पांचं वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप होतं. शुक्रवारी तिथे सुट्टी असायची, आणि चावी जतीनकडे.

शुक्रवारची वागळे इस्टेट मला अजून ऐकू येते. म्हणजे, जे ऐकू येत नसे तेच ऐकू येतं. एरवी अख्खा रस्ता ठोकत, कापत, घासत असायचा, आणि शुक्रवारी एकदम एखादा कावळा, लांबून एखाद्या चौकीदाराचा रेडिओ. शटर अर्धं वर करून आम्ही वाकून आत शिरायचो. लेथ मशीनवर निळ्या ताडपत्र्या. जमिनीवर लोखंडाच्या कुरळ्या सळसळत्या सालींचा ढीग. अंधारात गार लोखंडाचा वास यायचा, आणि चपलेला तेल चिकटायचं.

डबीच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. त्यामुळे आम्हाला उन्हामागे फिरावं लागे. खिडकीच्या जाळीतून एक चौकोनी कवडसा आत यायचा. सकाळी तो भिंतीजवळ असे, दुपारपर्यंत सरकत सरकत पाण्याच्या पिंपाशी यायचा, आणि आम्ही तिघं लाकडी खोक्यांवरून त्याच्यामागे सरकत राहायचो. ज्याच्या हातात डबी, त्याच्या मानेवर दुसऱ्या दोघांचा श्वास. त्या दिवसांत मला मित्र म्हणजे मानेवरचा गरम श्वास, असं वाटायचं.

त्या खेळात गवत होतं. उंच गवतातून चालत गेलं की मध्येच पडदा काळा व्हायचा, आणि समोर एखादा प्राणी उभा राहायचा. त्याला दमवायचं, पुरतं मारायचं नाही, आणि तो थकला की पकडायचं. सगळे प्राणी गोळा करायचे, एवढाच खेळ. पण कुठल्याच प्राण्याचं नाव आम्हाला वाचता येत नव्हतं. खाली ओळी उमटायच्या, काही तरी सांगायच्या, आणि आम्ही बटण दाबून त्या पुसून टाकायचो. एकच शब्द ओळखीचा झाला होता, तोही त्याच्या जागेवरून. यादीत खालून अमुक ओळ म्हणजे खेळ जपून ठेवणे. मिहीरने ते आम्हाला घोटून शिकवलेलं. "काही झालं की आधी ते दाबायचं. सेल कधी जातील सांगता येत नाही."

नावं नाहीत म्हटल्यावर जतीनने खडू घेतला, आणि एका मशीनच्या पत्र्यावर रकाने पाडले.

आता हसू येतं, पण तेव्हा आम्ही त्यावर फिजिक्सच्या तासापेक्षा जास्त डोकं घालवलं. पाऊल टाकलं की भेटतात ते साधे. दिवसभर गवत तुडवल्यावर एखादाच भेटतो ते क्वचित. मिहीर म्हणायचा, या दोन्हींत फरक फक्त नशिबाचा आहे, जातीचा नाही. मग मामाचा फोन आला आणि त्याने सांगितलं की काही प्राणी अख्ख्या खेळात एकच असतात. एका जागी. एकदा भेटतात, पुन्हा नाही. त्यांचा रकाना 'एकटे'. आणि त्याहून पलीकडचे म्हणजे जे खेळात भेटतच नाहीत. ते कंपनीवाले तिकडे जत्रेत स्वतःच्या हाताने पोरांच्या डबीत घालतात म्हणे.

"भेटत नाही तो रेअर नसतो रे," जतीन म्हणाला. "त्या फक्त गप्पा असतात. उद्या मी सांगेन, माझ्याकडे हत्ती आहे, पण दाखवणार नाही."

"पण आहे ना तो? असला की वर्ग द्यावा लागतो."

"मग लिही, 'ऐकीव'."

मिहीरने लिहिलं, ऐकीव. त्याचं अक्षर सुंदर होतं. मग त्यांचा वाद सुरू झाला की एकटा असतो तो ताकदवान असलाच पाहिजे का. मिहीरचं म्हणणं, पाहिजे. जतीनचं म्हणणं, एकच आहे एवढं पुरे. "आमच्या बिल्डिंगमध्ये पियानो एकाकडेच आहे. वाजवता कुठे येतो त्याला?"

मी ऐकत राहायचो. मला त्या दोघांसारखं बोलता यायचं नाही. त्यांच्या घरी पुस्तकांची कपाटं होती, आणि वाद घालणं हे जेवणासारखं रोजचं होतं. ते मला डोंबिवली म्हणायचे. "काय रे डोंबिवली, तुझं मत?" मी तेच सांगितलेलं, डोंबिवली वेस्ट. कोपरच्या पुढे, बिल्डिंगी संपल्यावर खाडीच्या कडेला आमचं कोळ्यांचं गाव आहे, हे मी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचो.

एका शुक्रवारी मी मात्र बोलून गेलो. पडद्यावर एक बुटका, डोळे वर आलेला, उड्या मारणारा प्राणी होता. पावलापावलाला तोच. मी म्हटलं, "हे बघ, आलं परत निवटं."

"काय म्हणालास?" जतीन खूश झाला. "निवटं? मस्त आहे यार. म्हणजे काय?"

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे छोटे मासे. ओहोटीला हाताने धरावे लागतात. बाजारात कुणी फार विचारत नाही, म्हणून घरी राहतात. आमच्या घरीही माशांचे रकाने होते, फक्त कुणी खडूने लिहिलेले नव्हते. जिताडा आला तर तो विकायचा, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. बोय आली तर पाहुण्यांपुरती ठेवायची. निवटी आपली. माझं सगळं लहानपण निवटीच्या आंबट-तिखट कालवणावर गेलं.

"असंच," मी म्हटलं. "फालतू म्हणजे."

जतीनने पत्र्यावरचं 'साधे' पुसलं, आणि तिथे 'निवटी' लिहिलं. त्या संध्याकाळी घरी आयने वाढलेल्या ताटात निवटीच होती. मी घास ताटातच फिरवत राहिलो. आय म्हणाली, "काय रं, बाहेर काय खाल्लास कं?"

आमच्या गावातही एक रकाना होता. तो मला सांगितलाच पाहिजे, कारण सगळं त्यावर येऊन थांबतं.

नारळी पुनवेला गावाचा एक नारळ खाडीला देतात. बाकी प्रत्येक घराचा नारळ असतोच, पण गावाचा तो एकच, सोनेरी कागदात गुंडाळलेला. बाकीच्या गावांत त्याचा मान ठरलेल्या घराण्याकडे असतो. आमच्याकडे तो 'पयल्याचा' असतो. वर्षभरात गावात जे पहिल्यांदा झालं, ते ज्याच्या घरात झालं त्याच्या हातून नारळ जातो. पहिली इंजिनाची होडी आली त्या वर्षी त्या होडीवाल्याने दिला. पहिल्यांदा नर्स झालेल्या ताईने दिला. एका वर्षी तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आलेल्या पहिल्या म्हाताऱ्याने, काळा चष्मा लावून. नारळ सोडण्याआधी त्या माणसाने पाण्यात उभं राहून खाडीला मोठ्याने सांगायचं असतं, काय पहिलं झालं ते. आणि खाडीसमोर खोटं बोलायचं नसतं. बोललं तर त्या घरचं जाळं वर्षभर रिकामं येतं. पावसाची बंदी उठून त्याच दिवशी होड्या पाण्यात जातात, म्हणून ही भीती खेळातली नाही. ती सगळ्यांच्या पोटातली आहे.

त्या वर्षी शिमग्यालाच, होळीसमोर, नाखवाकाकांनी सांगून टाकलं की यंदाचा मान आमच्या घराचा. गावातला पहिला कॉलेजात गेलेला. नाखवाकाका म्हणजे गावातले सगळ्यात जुने होडीवाले. त्यांचा शब्द मोडत नाहीत. बाबा गुलालाचा हात लुंगीला पुसत राहिले. तो हात ते बराच वेळ पुसत होते.

तेव्हापासून मला गावात नावाने कुणी हाक मारेना. जाळी विणणारे म्हातारे मी आलो की बाकावर जागा करायचे. बायका पोरांना म्हणायच्या, "बग, तो कालेजला जातो." आय डोंबिवलीच्या बाजारात बसायची, तिथली सगळी गिऱ्हाइकं मला न बघता ओळखू लागली. आणि मी शुक्रवारी कवडशामागे सरकत होतो. इतर दिवशीही वर्गात बसलो की इंग्रजीतली व्याख्यानं माझ्या डोक्यावरून त्या जपानी ओळींसारखीच जायची. खाली काही तरी उमटतंय, महत्त्वाचं असणार, आणि मी पान उलटतोय.

तो पांढरा प्राणी आम्हाला परीक्षेच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी भेटला. त्या दिवशी डबी माझ्याकडे होती. डोंगराच्या टोकावर एक तळं, आणि तळ्याकाठी तो. हरणासारखा, पण शिंगांच्या जागी पाण्याच्या चिळकांड्या. आणि तो गवतात लपलेला नव्हता. उघड्यावर नुसता उभा होता.

यातच आमचं चुकलं. आमच्या रकान्यांप्रमाणे गवतातले ते पकडायचे, आणि वाटेत उघडे उभे असतात ते प्रतिस्पर्धी, ते हरवायचे. तेव्हापर्यंत तसंच होत आलेलं. मी बटण दाबलं. खाली बऱ्याच ओळी उमटल्या. मिहीर म्हणाला, "उभा आहे म्हणजे हरवायचा. हरवलास की वाट मोकळी होईल." जतीन म्हणाला, "सोडू नको, जोर लाव." मी माझ्याकडचं सगळं लावलं. तो पांढरा एकदा थरथरला. मग खालच्या काठाकडे घसरून गेला. आम्ही ओरडलो, जतीनने पत्र्यावर थाप मारली. आणि मला शिकवलं होतं तसं मी लगेच, खालून ती ओळ, खेळ जपून ठेवला.

तळ्याकाठी कुणी नव्हतं. वाट मोकळी झाली नव्हती, कारण पुढे वाट नव्हतीच. त्याच्यामागे फक्त कडा होता. मी बाहेर जाऊन परत आलो. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तळं नुसतं हलत होतं, आणि खेळ जपून ठेवल्यामुळे आता मागेही जाता येत नव्हतं.

"अरे," मिहीर हळूच म्हणाला, "हा तो एकटा होता."

कवडसा पिंपावरून सरकून गेला, तरी आम्ही तिथेच बसलो होतो. जतीन मला म्हणाला, "तू पण रेअर पीस आहेस यार." तो चेष्टेने म्हणाला, मला हसवायला. मी हसलो नाही. गावात सगळे मला तेच म्हणत होते. शब्द फक्त वेगळा होता.

निकालाच्या दिवशी फलकावर माझा नंबर नव्हता. गर्दीत मी तो वरून खाली आणि खालून वर शोधला. मग, कुणाला कळू नये म्हणून, दुसऱ्या वर्गाचा फलकही वाचत उभा राहिलो. मिहीर, जतीन दोघं पास झाले. मिहीरने खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी म्हटलं, "मला घाई आहे."

घरी कुणी विचारलंच नाही. त्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे होडीसारखं. पाण्यात गेली ती गेली, आता चालणारच. मला रोज वाटायचं, आज विचारतील. आषाढ गेला. माझ्यासाठी पांढरी टोपी आली, लाल रुमाल आला. आत्या मुरबाडहून आली, ती फक्त माझ्यासाठी. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची. "आमचे घरान असा माणूस झाला नाय."

मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो. खाडीसमोर 'कॉलेजात गेलेला पयला' म्हटलं तर ते तसं खोटं नाही. पण त्यांना जे ऐकायचं होतं ते त्यात नसतं, आणि खाडीला हे कळत नसेल, असं मला वाटत नव्हतं. जाळं बाबांचं. नवं नायलॉनचं जाळं त्यांनी उन्हाळाभर विणलं होतं. आणि खरं बोलावं, तर शिमग्यापासून चारचौघांत ताठ बसायला लागलेले बाबा. मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो, नापास झालेला का होईना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नसायला हवा होता.

पुनवेची भरती दुपारची होती. सकाळपासून गाव खोबऱ्याच्या वासाने भरलेलं. नारळीभात, करंज्या, अबोलीचे गजरे, नव्याने रंगवलेल्या होड्यांचा ऑइलपेंट. सगळं एकमेकांत मिसळून डोकं जड करणारा गोड वास. बायकांच्या नव्या लुगड्यांची फडफड, ढोल, मध्येच कुणाचं तरी पोर होडीवरून पाण्यात पडल्याची हाकाटी. मिरवणुकीत मी सगळ्यात पुढे. दोन्ही हातांत सोनेरी नारळ. बाबा शेजारी, पूजेचं ताट घेऊन. मला आठवतं ते पायाखालचं. चिखल आधी कोमट, मग गार, मग पाणी. चिखलात निवटी उड्या मारत बाजूला होत होती.

मांडीएवढ्या पाण्यात थांबलो. ढोल थांबले. नाखवाकाका मागून म्हणाले, "बोल बाला. खारीला सांग, पयलं काय?"

मी तोंड उघडलं, तेव्हाही मला माहीत नव्हतं मी काय बोलणार आहे.

"कालेजान नापास झालेला," मी म्हणालो. "गावातला पयला."

माझा आवाज पाण्यावर भलताच लांब गेला. पलीकडच्या काठावरचे बगळेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. मग मागून माझा चुलतभाऊ दिनेश म्हणाला, "जल्ला, मंग पेढं वाटू कं?" आणि पोरं फिसकन हसली.

"गप रं," नाखवाकाका म्हणाले. पुढे येऊन माझ्याकडे बघत राहिले. "नापास म्हंजे? कालेज सुटला तुजा?"

"नाय. त्याच वर्गान परत बसाचा."

"मंग यो मान कसा काय?" कुणी तरी म्हणालं. "मान पास व्हनाऱ्याचा. नापासाचा नारल खारी घेल कं?"

"मान पयल्याचा हाय," दुसरा म्हणाला. "पास-नापास कवा बगितला आपन? तुजे आज्याचा डोला तरी कुठं पास झालता? ऑपरेशन करून बी म्हातारा खांबावर आपटाचा."

आता मोठी माणसंही हसली. ज्याच्या आजोबांचा डोळा होता तो चिडला. "त्याला थोरा थोरा दिसाचा."

पाण्यात उभं राहून ते वाद घालू लागले. नापास होणं हे पहिलं झालं असं धरायचं की काहीच झालं नाही असं धरायचं. एखादी गोष्ट वाईट असली तर ती पहिली असू शकते का. मी नारळ धरून मध्ये उभा. मला अंगावरचं सगळं उतरवून पाण्याखाली बसावंसं वाटत होतं. बाबांकडे बघायचं धाडस नव्हतं. मला त्यांचा फक्त हात दिसला. त्यांनी एका हाताने ताट सांभाळत, दुसऱ्या हाताने माझ्या नारळावरचा सोनेरी कागद सारखा केला. तो आधीच सारखा होता.

शेवटी काठावरून भागीरथीमावशी ओरडली. ती गावातली सगळ्यात म्हातारी मासेवाली. "अरं, गावान दुसरा कोन झालाय कं कालेजान नापास? नाय ना? मंग पयलाच झाला. भरती कं तुमच्यासाठी थांबनार हाय? टाक रं बाला!"

नाखवाकाकांनी मान हलवली. मी नारळ सोडला. तो बुडाला, वर आला, आणि हळूहळू फिरत निघून गेला. ढोल वाजले. सगळे एकदम ओरडले, दर वर्षी ओरडतात तसेच, अगदी तितकेच. मला ते सहन झालं नाही. ते गप्प राहिले असते, तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसलेले. मी जवळ गेलो, तरी ते होडीकडेच बघत होते. मग म्हणाले, "परत बसाला देतान?"

"देतात. एप्रिलला परीक्षा."

"मंग मना सांगाचा व्हता ना. मना पान्यान समजला. सगल्यांबरोबर."

एवढंच. त्यांचा आवाज चढला नव्हता. दिनेशचं हसणं, लोकांचा वाद, ते सगळं मी विसरलोय म्हटलं तरी चालेल. 'सगल्यांबरोबर' हा शब्द विसरलो नाही. परवा तलावपाळीवर कान गरम झाले, ते त्या शब्दाने.

त्या वर्षी जाळं भरून आलं का, असं कुणी विचारेल. आलं तसंच आलं. कधी भरून, कधी चिखल. मी ज्युनिअर पोरांबरोबर पुन्हा पहिल्या वर्षाला बसलो. मिहीर-जतीन दुसऱ्या वर्षाला गेले. शुक्रवार आपोआप सुटले. पत्र्यावरचे रकाने पुसले असतील, किंवा तेलात मिसळून गेले असतील. आता मी शेवटच्या वर्षाला आहे, आणि बहुतेक पास होईन.

त्याच पुनवेनंतर काही दिवसांनी आयची पाठ धरली होती, म्हणून तिची टोपली बाजारात पोचवायला मी गेलो. टोपली ठेवून लगेच निघायचं ठरवलं होतं, पण तिने मला बर्फ फोडायला बसवलं. मी मान खाली घालून बर्फ फोडत होतो, तेवढ्यात तिची नेहमीची एक गिऱ्हाईकबाई आली. चष्मा लावलेली, बहुधा शाळेत शिकवणारी. बोयचे डोळे बघता बघता ती म्हणाली, "हाच का तुमचा कॉलेजवाला? आता दुसऱ्या वर्षाला असेल ना?"

मी बर्फावर हातोडी जोरात मारली. आय म्हणाली, "नाय ओ बाई. पयल्याच वर्साला, परत. नापास झाला."

बाईंनी आवाज लगेच खाली आणला. आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाऊ नये, अशा बेताने. "असू दे हो. होतं असं."

आयला ते पटलं नाही. कोयता बाजूला ठेवून तिने बाईंकडे नीट बघितलं, आणि दर वर्षी पुनवेला ओरडतात त्याच आवाजात म्हणाली, "व्हतं कसं बाई? आमचे गावान पयल्यांदाच झालाय!"